डावा हात

पहाटेचे चार. खिडकीत रिफायनरीची ज्योत,
रुवैसच्या कॅम्पात तिलाच आम्ही चंद्र म्हणतो.
उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये,
आणि डाव्याला शर्टाचं तिसरं काज सापडत नाही.

वडील म्हणायचे, कुणाचं मिंधं राहू नये,
हात पसरू नये.
शेजाऱ्याची शिडी आणली
तर परत करताना ती धुऊन देत,
वर दोन नारळ.
(प्लास्टरमधला हात तसाही पसरता येत नाही.)

मी त्यांचाच.
अकरा वर्षांत या खोलीत कुणाचं लोणचं खाल्लं
तर संध्याकाळच्या आत फेडलं.

समोरच्या बंकवर टिकाराम, पाल्प्याचा.
त्याची हिंदी उसनी, माझीही उसनी,
तिच्यात मी रोज एवढंच म्हणालो:
राहू दे, जमतंय.
आमटी मांडीवर सांडली तेव्हाही म्हणालो.

आज त्याने विचारलंच नाही.
खाली बसला
आणि माझ्या बुटाची नाडी बांधू लागला.

त्याच्या टाळूवरचा भोवरा दिसला मला.
डावीकडे वळलेला, मध्ये दोन पांढरे केस.
किती वर्षांत कुणाचा भोवरा
इतक्या जवळून पाहिला नव्हता,
माझ्या मुलाचाही नाही.
तो वाढला फोनच्या काचेत, समोरून.

मी डाव्या हाताने खिसा चाचपला.
दहा दिऱ्हमची नोट.
टिकारामने ती पाहिली,
हसला नाही, रागावलाही नाही.
म्हणाला, दुसरा पाय दे.

आणि मी दिला.
एवढंच. पण पाय पुढे करताना
गुडघा असा थरथरला
जसा पंचवीस मीटरवरच्या परातीवरही
कधी थरथरला नव्हता.

मिंधा या शब्दाला त्याच्याकडे काय म्हणतात
ते विचारायचं राहिलं.
बसचा हॉर्न वाजत होता.

रात्री वसुधाचा फोन.
आठ दिवस मी मोबाईल छातीच्या वर धरत आलो,
आज जरा खाली घेतला.
ती बराच वेळ बोललीच नाही. मग रडण्याआधी,
बायका विचारतात तसं, आधी कामाचं विचारलं:
जेवताय कसे?

मी कॅमेरा वळवला.
मांडीवर माझं ताट घेतलेला टिकाराम
घाईघाईने चमचा
पाठीमागे लपवत होता.