लॅमिनेशन

म्हापशाला, कोर्टाच्या उतारावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल. फॉर्म भरून मिळतील.
शुक्रवारी बाजार इथवर चढतो,
बायका पुरुमेंताच्या पिशव्या टेकवून आधारकार्डं काढतात,
सुक्या सुंगटांचा वास कागदांना लागतो
तो सोमवारपर्यंत जात नाही.

मे महिन्यात दुसरेही कागद येतात.
जाड, सोनेरी कडेचे.
तीन आठवडे, अमुक विद्यापीठाच्या आवारात.
विद्यापीठाने शिकवलं, असं कुठेच नाही.
आवारात, एवढंच.
मी अक्षर न् अक्षर वाचतो. जमिनीच्या कागदांनी लावलेली सवय.

डॉक्टर लोटलीकरांचा मुलगा गेला होता,
नेतृत्व शिकून आला.
पुढच्या जूनला इथल्याच कॉलेजचा फॉर्म घेऊन
बस्तोड्याच्या पोदेराच्या एल्विसमागे उभा होता.
दोघांत मिळून एकच पेन.

आर्किटेक्टबाईंची मुलगी मात्र खरंच लागली, परदेशात.
तिचाही कागद मीच रोलरमधून काढलेला.
आता ती त्या कागदामुळे लागली,
की तो कागद सहज परवडणाऱ्या घरामुळे?
मशीनला विचारून उपयोग नाही.
मशीन फक्त आत पाणी जाऊ देत नाही.

आमची उर्वी अकरावीत.
पत्रक आणलं तेव्हा काही बोलली नाही,
काउंटरवर ठेवलं, वर स्टेपलर,
पंख्याने उडू नये म्हणून.
दोन लाख चाळीस हजार. विमान वेगळं.
मी पतसंस्थेची पावती काढली, ठेवली, परत काढली.
मग दुपारी कोणी नसताना फोन लावला.
म्हटलं, बाय, एकच सांग, याने प्रवेश मिळतो?
पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली,
सर, एक्सपोजर मिळतं.

एक्सपोजर मला ठाऊक आहे.
आमच्या जुन्या झेरॉक्सला त्याचं बटण होतं.
जास्त झालं की पान कोरं निघायचं.

फॉर्मात एक प्रश्न आहे:
मागच्या उन्हाळ्यात तुम्ही काय केलंत? दोनशे शब्द.
उर्वीने पेन टेकवलं, उचललं.
मागच्या उन्हाळ्यात ती इथेच, या स्टुलावर होती,
गृह आधारचे अर्ज भरत.
हणजुण्याची पास्कोलिना आली होती.
विवाहित की विधवा, या रकान्यापाशी अडली.
नवरा बोटीवर गेला त्याला सतरा वर्षं झाली,
आला नाही, मेल्याचंही पत्र नाही.
उर्वी अर्धा तास तिच्याशी बोलत बसली.
शेवटी काय लिहिलं कोण जाणे,
बाई जाताना सोलांची पुडी ठेवून गेली.

हे लिही की, मी म्हटलं.
हे कुठे काय आहे, पप्पा, ती म्हणाली,
ते तर दुकान होतं.

एकतीस शेवटची तारीख. आज अठ्ठावीस.
स्टेपलरखाली पत्रकाच्या कडा हलताहेत.
पायरीवर कोणीतरी पिशवी टेकवली,
आणि उर्वीने स्टूल पुढे ओढलं.