कमरेचा कंदील

मे महिन्यातच जमवून ठेवल्या होत्या आण्णांनी
तुर्भ्याच्या फळबाजारात फुटलेल्या पेट्यांच्या फळ्या.
"जळणाला का?" आईनं विचारलं. "गॅसवर?"
ते बोलले नाहीत.
कॉटखाली सारून दिल्या,
मोडक्या टेबलफॅनच्या पाठीमागं.

दिवाळीच्या आधी झुरळांची दोन खटली हाकलून
मी त्या बाहेर ओढल्या.
वास अजून होता, आंब्याचा नव्हे,
पेंढ्याचा, आणि थोडा आमच्याच घराचा.

कोपरखैरण्यात माथाडींच्या या रांगेत
करवतीचं पातं घरोघरी सापडतं, मूठ कुठंच नसते.
मी पात्याला जुनं फडकं गुंडाळलं
आणि बसले उंबऱ्यात.
एका फळीवर छापलं होतं देवगड.
पातं मधूनच गेलं. देव कचऱ्याच्या सुपलीत पडला,
हातात राहिला गड.
"म्हणजे किल्ला पण झाला!" प्रांजू म्हणाली,
आणि मातीत खेळायचं राहिलेलं तिचं एक काम मिटलं.

कागद मात्र नव्हता.
पंचवीस रुपयांना एक ताव, तोही दमट.
फडताळात शोधता शोधता
वाशीच्या दवाखान्याचं ते मोठं खाकी पाकीट निघालं.
प्रांजूनं त्यातला काळा पत्रा
ट्यूबलाइटसमोर धरला.
"हे कोण?"
"आण्णा."
"आण्णा आतून असे आहेत?"

आई चिडली.
"सणासुदीचं दारात हाडं टांगताय?"
आण्णा चहा बशीत ओतत म्हणाले,
"टांगा. तिथं तरी ताठ राहील.
फक्त कापू नका,
डॉक्टर पुढच्या खेपेला जुना मागतात."

म्हणून सगळ्या काड्या पुन्हा कापल्या,
कंदीलच आण्णांच्या मापाचा केला.
दोन अंगांना ते, एकदा समोरून, एकदा कुशीवरून,
उरलेल्या दोन अंगांना माझी फाटकी नारिंगी ओढणी.
खाली झिरमिळ्या दुधाच्या पिशव्यांच्या.
मिक्सरची तुटकी वायर, नऊ व्हॅटचा बल्ब.
प्रांजूनं कुठं कुठं टिकल्या लावल्या, मी बघितलं नाही.

वसुबारसेला बटण दाबलं.
गल्लीवर निळसर उजेडात
एकेक मणका उमटला.

आधी वरच्या आळीचे शिवतरे थांबले.
"बजरंगा, हा तर तू रे!"
मग कांदा-बटाट्याकडचे दोघं, मग मसाल्याकडचा लोहार,
हातातली पिशवी तशीच धरून.
बोट वर करून वाचू लागले,
जशी जुनी माणसं भिंतीवरचा नकाशा वाचतात.
"ही फट कांद्याची."
"नाही, ही गुळाच्या ढेपेची. गूळ असाच खातो."
"आणि हे इथं झिजलंय ना,
ते गोणी उजव्या खांद्यावर घेणाऱ्याचं.
माझंही तिथंच आहे."
लोहार म्हणाला, "माझा एमआरआय पडलाय घरी,
एका पानावर वीस फोटो.
आख्खी माळ होईल."
हसले सगळे. कुणी कमरेवर हात ठेवून,
कुणी भिंतीला टेकून, जपून.

आण्णांचं नाव, वय, पुरुष की स्त्री,
सगळं कोपऱ्यात छापलेलं.
आम्ही ती बाजू आत वळवून चिकटवली होती,
त्यामुळं रस्त्यावरून नाव उलटं दिसे
आणि घरातून सरळ.

रात्री खाडीकडून वारा सुटला.
पाठीवर पोतं असलं की माणसाला
हाक ऐकून चटकन वळता येत नाही,
आण्णा नेहमी सांगतात.
वर तो कंदील
कुणी न हाकारता वळत होता,
या बाजूला, त्या बाजूला.
आण्णा खुर्ची टाकून
बराच वेळ स्वतःकडे बघत बसले.

तुळशीचं लग्न झालं, कंदील उतरवला.
काड्या परत कॉटखाली,
एक्स-रे ओल्या फडक्यानं पुसून पाकिटात.

परवा डॉक्टरांनी तो दिव्यावर लावला.
शेजारी नवा.
चष्मा वर करून चौथ्या मणक्यापाशी थबकले,
नखानं जरासं खरवडलं.
"हे काय आहे?"
आण्णा उठून जवळ गेले.
टिकली होती. हिरवी.