उधाणाचा हिशेब

पौर्णिमा-अमावास्या मी कॅलेंडरात बघत नाही.
आयबुप्रोफेनची खोकी फळीवरून भराभर उतरू लागली
की कळतं, उधाण आलंय,
पाणी लांबवर मागे हटलंय,
आणि गालिसियाच्या या चिंचोळ्या खाडीत
बायका कमरेत वाकून तिसऱ्या खणतायत.

दोसिंदा पहाटे साडेपाचला शटर वाजवते.
"सहाशेची. चाळीसचं खोकं."
बोटांची पेरं आल्याच्या कुडीसारखी.
अनशापोटी एक, काळ्या कॉफीबरोबर,
दाताळं हातात धरण्याआधी. दुपारी एक.
रात्री मनगट उशीवर टेकवेना तर अजून एक.
अर्ध्या तासात मूठ मिटते, म्हणते, पोरीसारखी.
मी नाही कसं म्हणू? मिटतेच.

चिठ्ठी मागितली तर हसते.
"तुझ्या आईनं कधी मागितली नाही, एलादिया."

मग मी काउंटरवरून वाकून तेच सांगते:
जी सूज उतरवते, तीच जठराचं अस्तर झिजवते.
रक्तदाबाची एक घेतेस, लघवीची एक,
त्यात ही तिसरी आली की मूत्रपिंडं थकतात.
ती ऐकते, दुसऱ्या गावच्या हवामानाचा अंदाज ऐकावा तशी.

नोव्हेंबरात, सुटे पैसे मोजता मोजता म्हणाली,
चार दिवस काळं होतंय. माकुलाच्या शाईसारखं.
पोट दुखतं?
छे.
दुखणार कसं,
दुखू नये म्हणूनच तर घेत होती.

दुकान उघडं टाकून तिला गाडीत घातलं.
"ओहोटी चुकेल गं," एवढंच म्हणत राहिली.
रक्ताच्या तीन पिशव्या.
तिच्या बुटांचा चिखल अजून माझ्या गाडीत आहे,
वाळून पांढरा झालाय.
पोटासाठी राबलेले हात,
आणि त्या हातांचं पोटानं
अंगावर काढलेलं.

डिसेंबरात परत आली.
नाताळाच्या आठवड्यात तिसऱ्यांना दुप्पट भाव.
मी पॅरासिटामॉल काढून ठेवली, चोळायचं मलम,
पोटासाठी सकाळची कॅप्सूल.
तिनं पिशवी तळहातावर तोलली.
"हलकं आहे हे."
हलकंच आहे.
"जुनी एकच दे. एका ओहोटीपुरती."
नाही म्हणाले.
तिनं मूठ मिटून दाखवली.
अर्धीच मिटली.
तशीच ती खिशात घालून उतरणीला लागली.

मागच्या खणात माझंही एक खोकं आहे, गुडघ्यांसाठी.
ती वळणाआड होईपर्यंत
मी तो खण उघडला नाही.