कोरडा पंप

कॉव्हेंट्री, नोव्हेंबर. चारलाच अंधार.
ग्लेनिस पार्डो गाडीखाली उताणी;
दिसतात फक्त बूट, आणि एक हात:
अर्ध्या इंचाचा पाना दे.

एमजी, सत्तर सालची. ऑइलचा काटा
महिनाभर अंथरूण धरून.
जुन्या पंपात चरे,
नखाला लागतात.

नव्यात ती बोटाने व्हॅसलीन भरते.
कोरडा ओढत नाही, म्हणते.
ठाऊक आहे. आमच्या आळीतल्या हापशीलाही
आधी तांब्याभर पाणी पाजावं लागे.
हे तिला सांगायला गेलो
आणि ‘पाजणं’पाशी इंग्रजी संपलं.

प्लग काढलेले. मी स्टार्टर फिरवतो.
घरघर. शून्य. घरघर.
पुन्हा, म्हणते ती. शून्य.
मग काटा
चाळवला, थरथरत
तिसाकडे.

ग्लेनिस काहीच बोलत नाही.
थर्मास उघडते,
काळ्या हातांनीच
मला चहा पाजते.