नमुना क्र. ४१७

पहाटे साडेचारला भाऊच्या धक्क्यावर
मी बर्फ गोळा करते.
मासे नाही, बर्फ. चिमट्याने, निर्जंतुक बाटलीत.
तांडेल हसतात: मॅडम, सरबत करणार का?
बाटलीवर तारीख. बोटीचं नाव लिहायचं नाही,
साहेबांनी सांगितलंय, आकडा घाला फक्त.

चारशे सतरा मात्र बर्फ नव्हता.
तो पोशीबाय केणीच्या बोटातला पू होता.
ट्रॉम्बेच्या खडकावर कालवं फोडताना
शिंपला लागला, एवढासा.
हळद दाबली, वर पदराची चिंधी,
आणि दोन दिवस वाटे लावत बसली.
तिसऱ्या रात्री हात कोपरापर्यंत
वांग्यासारखा.

माझ्या प्लेटवरची जेली शेवाळी हिरवी असते.
पटकीचे जंतू तिला पिवळी करतात.
हे करत नाहीत. हिरव्यावर हिरवे ठिपके,
मध्ये जरा गडद,
खाडीतलंच कुणी खाडीत बसून राहावं तसे;
दिव्याखाली तिरकी धरली तरच दिसतात.
मी तिरकी धरली.

रिपोर्टात बोट हा शब्द येत नाही.

महिन्याने पत्रकं घेऊन बाजारात गेले:
शिंपले नीट उकळा, जखम घेऊन पाण्यात उतरू नका,
मधुमेह, लिव्हरचा आजार असल्यास विशेष काळजी.
पोशीबाय ओट्यावर होती. डाव्या हाताला चार बोटं,
कोयता तसाच चालत होता.
पत्रक उलटं करून तिने त्यात
माझ्यासाठी कोलंबी बांधली.

"उकळूनबी ज्या तिसरीचा तोंड उघडत नाय
ती फेकायची, मना आयनं शिकवला.
तुमच्या कागदात हाय का?"
होतं. पाचव्या ओळीत.

मग गिऱ्हाईक नाही असं बघून, हळू:
"माझा नाव नाय ना लिवला कुठं? बाजार बसंल गो.
पाणी सगल्यांचा. बोट माझा एकटीचा."

मी मान हलवली.
खाडीत उघडणाऱ्या नाल्यांची तोंडं मोजणं
दुसऱ्या खात्याकडे आहे.
तिथला फोन वाजत राहतो.

कोलंबीचे पैसे तिने घेतले नाहीत.
घरी येऊन हात धुतले, कोपरापर्यंत,
कोलंबी सोलली, धागे काढले,
आणि उकळी फुटून दहा मिनिटं झाली तरी
पातेल्यावरचं झाकण
मी उचलेना.