आत काही नाही

केटरिंगमधलं पहिलं वर्ष.
कुमुदिनी अजून मिरजेलाच,
आणि तिला पत्र लिहायचा मुळात कंटाळा.
रॉकिंगहॅम रोडच्या भाड्याच्या खोलीत
दाराच्या फटीतून पडायची ती गॅसची बिलं.
एका बुधवारी पोस्टात, रांगेत,
पुढच्या म्हाताऱ्याने वळून विचारलं,
"तुम्हीही पक्ष्यांसाठीच?"
मी हो म्हणालो.
परक्या गावात हो म्हणणं सोपं पडतं.

पक्षी म्हणजे चार तिकिटं, त्या सकाळीच निघालेली.
एलिस ट्रँटर, निवृत्त पोस्टमन,
यांनी आपल्याजवळचं एक कोरं पाकीट मला दिलं.
पत्ता पेन्सिलीने लिहा, खाली, उजवीकडे,
पुढे खोडता येईल इतका फिका.
कुणाचा पत्ता?
"तुमचाच. दुसऱ्या कुणाचा?"
आणि आत?
"एक जाड पुठ्ठा, पाकीट वाकू नये म्हणून.
आत काही नाही."

काउंटरवरच्या बाईंनी शिक्का
आधी रद्दी कागदावर उमटवून पाहिला,
श्वास धरला,
ठप्.
दोन दिवसांनी मला माझं पत्र आलं.
मजकूर: तारीख.

मी बुटांच्या कारखान्यात हिशेब लिहायचो,
रिकामे खोके फुकट मिळायचे.
ऐटीत एक घेऊन गेलो मेथडिस्ट हॉलमध्ये,
मंगळवारच्या बैठकीला.
ट्रँटरांनी त्यात नाक घालून वास घेतला.
"या पुठ्ठ्यात आम्ल आहे, मिस्टर गोखले.
दहा वर्षांत सगळं चहाच्या रंगाचं होईल."
मग शिकत गेलो:
पाकिटं उभी ठेवायची, एकावर एक रचायची नाहीत,
मऊ प्लास्टिक शाईला चिकटतं,
माळ्यावर ओल, स्वयंपाकघरात वाफ,
खिडकीपाशी ऊन (इथलं ऊनसुद्धा, हो),
आणि झापड कधी चिकटवायची नाही,
नुसती आत खोचायची.
कुमुदिनी आली तेव्हा
घरातलं सगळ्यात कोरडं कपाट भरलेलं होतं.
तिच्या साड्या पलंगाखाली गेल्या.

शलाका जन्मली त्या सकाळी
फुलपाखरांची तिकिटं निघाली.
मी म्हटलं, अर्ध्या तासात येतो.
रांग लांब होती.
पाकिटावर मी तिचं नाव लिहिलं,
म्हणजे फक्त 'कु. गोखले', नाव ठरलं नव्हतं,
आणि धावत हॉस्पिटलात पोचलो तर
पाळण्यात कुणीतरी आधीच येऊन पडलेलं.
"पहिला दिवस," कुमुदिनी म्हणाली,
"कुणाचा ते विचारून ठेव पोस्टात."
हे वाक्य तिने नंतरही जपून वापरलं,
वर्षाला एकदोनदा.

ते पाकीट खोक्यात सरळ उभं राहत नाही
हे लक्षात आलं, तेव्हा शलाका सहा वर्षांची.
मधोमध एक टेंगूळ,
फुलपाखराच्या पंखाखालीच.
झापड काढली.
दुधाचा दात.

आई म्हणाली होती, छपरावर फेक.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, उशीखाली ठेव,
परी येईल, नाणं ठेवून जाईल.
हिने दोघींचं ऐकलं नाही.
"बाबा, त्याच्यावर माझं नाव होतं ना?
आणि आत काहीच नव्हतं."

ट्रँटर तेव्हा काठी टेकत यायचे.
त्यांनी पाकीट दिव्यासमोर धरलं,
भिंग लावलं, उठाव अंगठ्याने चाचपला.
"किंमत गेली," ते म्हणाले.
मग ते बराच वेळ शिक्क्याकडे बघत राहिले,
कडा स्वच्छ, तारीख अख्खी.
"चाळीस वर्षं टपाल वाटलं," ते म्हणाले,
"असलं एकदाही हाताला लागलं नाही."

दात काढून ठेवा, असं त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
आता कपाटात सहाशे बारा पाकिटं आहेत,
पाठीला पाठ लावून, कोरडी, शहाणी.
एक तेवढं आडवं ठेवावं लागतं.