पाचव्या रविवारी

आमच्या पेठेत पाचव्या दिवशी पाणी येतं.
आठवडा सातांचा. पाच सत्ते पस्तीस.
म्हणजे दर पाचव्या रविवारी
नळ आणि उपासनेची घंटा
एकाच वेळी हाक मारतात.

आई म्हणायची, आधी पिंप.
बाबा, शांतवन रणभिसे, पॉवरलूमवरचे जॉबर,
इस्त्रीच्या सदऱ्याची बटणं लावत गप्प.
शनिवारी रात्री बंद केलेला माग
त्यांच्या बोटांत अजून चालूच असायचा.
स्तोत्र म्हणताना अंगठा आणि तर्जनी
बाकाच्या काठावर
न तुटलेला धागा सांधत राहायची.

मी एकदा विचारलं,
विसावा म्हणजे दुपारी जेवून झोपता, तेच ना?
म्हणाले, झोप काय, बैलालाही लागते.
मग थांबून,
बैलालाही दिलाय की हा दिवस.
पुढचं त्यांनाही सांगता येईना.

त्या मे महिन्यात टँकरही आटले.
नळ नऊ ते साडेदहा, आणि वार रविवार.
बाबांनी आईच्या हातून घागर घेतली,
ओट्यावर पालथी ठेवली.
देवळापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

पाळक रानातल्या मान्न्याबद्दल सांगत होते,
साठवला त्याला किडे पडले,
विसाव्यासाठी ठेवला तेवढा मात्र टिकला.
आई माझ्या कानाशी लागली,
त्यांना नळाची वेळ नव्हती.

परतलो तर ओटा ओला.
पिंप काठोकाठ, तोंडाला फडकं बांधलेलं.
पालथी घागरसुद्धा
कुणीतरी सुलटी करून भरलेली.
समोरच्या दारात नरसम्मा येलदी,
मांडीवर विड्यांचं सूप, डोळे लाल,
वर न बघता म्हणाली,
"पाईप पोचला की ओ तुमच्यापर्यंत.
तुमच्या देवाची सुट्टी तुमाला. मला कुठंय?
आजच्या हजार व्हायच्यात अजून."

बाबा पिंपापाशी उभे राहिले.
त्यांची बोटं थांबलेली
मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.
आपण न भरलेलं पाणी
ओंजळीत घेऊन बराच वेळ बघत होते.

मग रस्ता ओलांडून गेले, सूप उचललं,
म्हणाले, आत जाऊन पड जरा.
पान, तंबाखू, गुंडाळी त्यांना जमेना;
गाठ तेवढी जमत होती,
तीच अंगठ्या-तर्जनीची गाठ.

आई दारातून ओरडली,
अहो, आज रविवार आहे!
विड्या वळताय? मंडळी काय म्हणेल?
"होय," बाबा म्हणाले. "तिचाही आहे."

आईनं पदर खोचला,
पानं कापायची कात्री शोधली.
आतून नरसम्माचं घोरणं ऐकू येत होतं.
मी ओट्यावर धाग्याची रिळं धरून बसले,
ऊन सरकेल तशी सरकत.

सोमवारी निम्म्या विड्या छाटात निघाल्या.
नरसम्मानं बाबांना तेलुगूत शिव्या दिल्या,
त्या अर्ध्याच आम्हाला कळल्या.
पुढच्या पाचव्या रविवारी
घागर कुणी पालथी ठेवली नाही.
दोन्ही दारांतले पिंप
शेजारी शेजारी, तोंड उघडी.